पेलेट पेटतं, पण लाट अर्ध्यात विझते: ज्वलन संश्लेषणात कणांच्या आकाराचा दोष कसा शोधायचा

ही नोंद एकाच मिश्रणापुरती आहे. टायटॅनियम डायऑक्साइड, अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन यांची पावडर मिसळायची, दाबून पेलेट (छोटी गोल वडी) करायचं, आर्गॉनमध्ये एका टोकाला पेटवायचं आणि टायटॅनियम कार्बाइड–अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिना म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड) हे सिरॅमिक संमिश्र मिळवायचं. एकदा पेटलं की बाहेरून उष्णता लागत नाही; जळण्याची लाट आपोआप पुढे सरकत जाते. या स्वयंप्रसारी पद्धतीचा पाया सोव्हिएत रशियात चेर्नोगोलोव्का इथे मेर्झानोव आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली घातला. युरिया आणि नायट्रेट पाण्यात विरघळवून भट्टीत फुलवायची पद्धत वेगळी. ती बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पाटील यांच्या गटानं १९८८ साली पुढे आणली. तिथे सगळं द्रावणातच असतं, त्यामुळे इथला प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

प्रमाण: ३ मोल टायटॅनियम डायऑक्साइड, ४ मोल अ‍ॅल्युमिनियम, ३ मोल कार्बन. १०० ग्रॅम मिश्रणात अनुक्रमे ६२.५, २८.१ आणि ९.४ ग्रॅम. पदार्थ तयार होतो तो वजनानं सुमारे ४७ टक्के टायटॅनियम कार्बाइड आणि ५३ टक्के अ‍ॅल्युमिना. ग्रॅममागे साधारण २.८ किलोज्यूल उष्णता निघते.

लक्षणं

- वरचे ५ ते १० मिलिमीटर जळतात, खालचा भाग कच्चा, करडा राहतो.
- लाट थांबत थांबत जाते. तोडल्यावर आत आडवे पापुद्रे दिसतात.
- पेलेट फुटतं, तुकडे उडतात, किंवा जळताना ते मूळ उंचीच्या दीडपट फुगतं.
- लाट टोकापर्यंत जाते, पण एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तन तपासणीत) रूटाइल (टायटॅनियम डायऑक्साइडचं एक स्फटिकरूप), ग्रॅफाइट, अ‍ॅल्युमिनियम किंवा टायटॅनियम–अ‍ॅल्युमिनियमचं संयुग उरलेलं दिसतं.
- तयार तुकडा कोरडा असताना ठीक असतो, आठवडाभर दमट हवेत ठेवला की कडेनं भुगा होतो. हे अ‍ॅल्युमिनियम कार्बाइड. ते ओलाव्यानं फुटतं आणि मिथेन सोडतं.
- गेल्या गोणीची पावडर चालत होती, या गोणीची चालत नाही, लेबल मात्र तेच.

यातलं काहीही दिसलं की पहिला विचार येतो तो "आणखी बारीक पावडर मागवू" हा. तो बहुतेक वेळा महाग पडतो आणि निम्म्या वेळा परिस्थिती आणखी बिघडवतो. कण बारीक केल्यानं एकूण उष्णता तसूभरही वाढत नाही. वाढतो तो उष्णता बाहेर पडण्याचा वेग. लाट टिकते ती या वेगाची आणि कडेनं होणाऱ्या उष्णतेच्या गळतीची शर्यत वेगानं जिंकली तरच. शिवाय तीन पावडरींचे आकार एकमेकांशी जुळावे लागतात. एकीचा आकार बदलला की उरलेल्या दोघींचा हिशोबही बदलतो.

आता तपासण्या, फुकटातल्या आधी.

लेबल नीट वाचा

"उणे ३२५ मेश" (मेश म्हणजे चाळणीच्या जाळीचा क्रमांक) याचा अर्थ कण ४५ मायक्रॉनपेक्षा मोठे नाहीत, एवढाच. मधला आकार १० मायक्रॉन असू शकतो, ३५ही असू शकतो. "उणे २००" म्हणजे ७५ मायक्रॉनपर्यंत, "उणे १००" म्हणजे १५० मायक्रॉनपर्यंत. दोन गोण्यांवर एकच मेश असूनही मधला आकार तिप्पट वेगळा निघतो, आणि "तीच पावडर चालेना" या तक्रारीचं मूळ अनेकदा इथेच असतं. पुरवठादाराकडे डी-५० (ज्याहून निम्मा माल बारीक असतो तो आकार) आणि डी-९० (ज्याहून ९० टक्के माल बारीक असतो तो) मागा. ते नसतील तर निदान लॉट नंबर लिहून ठेवा आणि जुन्या लॉटची मूठभर पावडर बाटलीत जपून ठेवा. नव्या लॉटशी ताडून पाहायला याहून स्वस्त साधन नाही.

टायटॅनियम डायऑक्साइड रंगासाठीच्या ग्रेडचं आहे का, तेही पाहा. त्याचे कण ०.२ ते ०.३ मायक्रॉनचे असतात आणि त्यांच्यावर बहुधा अ‍ॅल्युमिना, सिलिका किंवा सेंद्रिय पदार्थाचं आवरण असतं. ते रंगात चांगलं, इथे नको. तसंच रंगातली चपट्या पापुद्र्यांची अ‍ॅल्युमिनियम पावडर किंवा पेस्ट घेऊ नका. तिच्यावर स्टिअरिक आम्लाचा लेप असतो आणि तो जळताना वायू सोडतो. गोलसर, अ‍ॅटमाइज्ड अ‍ॅल्युमिनियम घ्यावं.

ओलावा

पेलेट फुटण्याचं पहिलं संशयित पाणी. हिशोब करून पाहा. १२ ग्रॅमच्या पेलेटमध्ये १ टक्का ओलावा म्हणजे ०.१२ ग्रॅम पाणी. १,००० अंशांवर त्याची वाफ सुमारे ७०० मिलिलिटर होते, आणि पेलेटचं स्वतःचं आकारमान जेमतेम ६ मिलिलिटर. तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमशी तीच वाफ भिडली की तितकाच हायड्रोजन निघतो, म्हणजे वायू कमी होत नाहीच. कण जितके बारीक तितका पृष्ठभाग जास्त आणि ओलावाही जास्त. कार्बन ब्लॅक (काजळीसारखा अति बारीक कार्बन) या बाबतीत सर्वात वाईट. पावसाळ्यात कोकणपट्टीतल्या प्रयोगशाळेत डबा दुपारभर उघडा राहिला तरी वजनात फरक दिसतो.

टायटॅनियम डायऑक्साइड आणि कार्बन वेगवेगळ्या बशांत ११० अंशांवर ४ तास ठेवा. आधीचं आणि नंतरचं वजन लिहा. घट अर्ध्या टक्क्याहून जास्त असेल तर दोष तिथेच सापडला असं समजून आधी तेवढंच दुरुस्त करा आणि पुन्हा पेटवून पाहा. अ‍ॅल्युमिनियम ओव्हनमध्ये ठेवू नका, सीलबंद डब्यातलं वापरा आणि उरलेलं डेसिकेटरमध्ये ठेवा. मिसळून झालेली पावडर ओव्हनमध्ये कधीच नाही. ती थर्माइटच्या (अ‍ॅल्युमिनियम आणि धातूचा ऑक्साइड यांच्या भडकून जळणाऱ्या मिश्रणाच्या) भावकीतली आहे. पेलेट धरून राहावं म्हणून पीव्हीए वगैरे बाईंडर (चिकटवणारा पदार्थ) घालायची सवय असेल तर तीही मोडा. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्यानं बाईंडरशिवाय दाबलं जातं.

गाठी

०.३ मायक्रॉनची पावडर म्हणून विकत घेतलेली पावडर प्रत्यक्षात ५० ते १०० मायक्रॉनच्या गाठींच्या रूपात मिश्रणात बसते. लाटेच्या दृष्टीनं ती गाठ म्हणजे एकच मोठा कण. दाम मोजायचे बारीक पावडरीचे आणि वागणूक मिळायची भरड पावडरीची.

तपासणी अगदी साधी. काळ्या फरशीच्या तुकड्यावर मिश्रणाची चिमूट ठेवा आणि स्पॅट्युलाच्या पाठीनं एकदाच हलकेच ओढा. एकसारखा करडा पट्टा यायला हवा. पांढऱ्या रेघा उमटल्या तर टायटॅनियम डायऑक्साइडच्या गाठी फुटलेल्या नाहीत. दहापट भिंगाखाली त्या मिठाच्या कणांइतक्या स्पष्ट दिसतात. उपाय: टायटॅनियम डायऑक्साइड आणि कार्बन हे दोघंच आधी खलात किंवा बॉल मिलमध्ये मिसळून २०० मेशच्या चाळणीतून काढा. अ‍ॅल्युमिनियम सर्वात शेवटी घाला आणि फक्त फिरवून मिसळा. अ‍ॅल्युमिनियम घातल्यानंतर खल जोरानं घोटायचा नाही. ओलं मिसळायचं तर आयसोप्रोपेनॉलमध्ये; पाण्यात नाही, कारण बारीक अ‍ॅल्युमिनियम पाण्याशी हायड्रोजन देतं.

पेलेटची घनता

व्हर्नियर आणि वजनकाटा, एवढंच लागतं. रूटाइल (४.२५), अ‍ॅल्युमिनियम (२.७०) आणि ग्रॅफाइट (२.२६) धरून या मिश्रणाची पूर्ण घनता सुमारे ३.४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते. २० मिलिमीटर व्यासाचं आणि २० मिलिमीटर उंचीचं पेलेट ५५ टक्के घनतेला ११.८ ग्रॅम भरतं, ६० टक्क्यांना १२.९. या दोन आकड्यांच्या मधे राहा.

घनता कमी असेल तर कणांचा एकमेकांना स्पर्शच पुरेसा नसतो. जास्त असेल तर दोन गोष्टी घडतात: लाटेच्या पुढची उष्णता थंड भागात झपाट्यानं पळून जाते, आणि आतल्या वायूला बाहेर यायला वाट राहत नाही. अति बारीक पावडर नीट दाबली जात नाही. डायमधून (दाबायच्या साच्यातून) काढताना वरची चकती टोपीसारखी सुटते, आणि ती फट लाट ओलांडू शकत नाही. लाट नेमक्या एकाच उंचीवर थांबत असेल तर तिथे आडवी भेग आहे का ते आधी पाहा.

दोष पेटवण्यात की पसरण्यात?

लाट ५ मिलिमीटरच्या पुढे गेली आणि मग विझली, तर पेटवणाऱ्या तारेला दोष देऊ नका. पहिल्या मिलिमीटरलाच अडत असेल तर वर टायटॅनियम आणि कार्बनच्या ४ ला १ वजनी मिश्रणाचा २ ग्रॅमचा थर द्या. तो बराच जास्त तापतो आणि खालच्या पेलेटला नीट सुरुवात करून देतो.

मग फोनवर संथगती चित्रण करा, समोर वेल्डिंगची काच धरून. पेलेटवर ५-५ मिलिमीटरला पेन्सिलनं खुणा करा आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते मोजा. पहिल्या टप्प्यात जोरात आणि पुढे सतत मंद होत जाणारी लाट म्हणजे इग्निशनच्या उसन्या उष्णतेवर चाललेली लाट. तुमचं मिश्रण स्वतःच्या बळावर चाललेलंच नाही. धक्क्याधक्क्यानं जाणारी लाट विझण्याच्या सीमेवर असते. आतले आडवे पापुद्रे त्याचेच.

व्यास वाढवा, पेलेट आधी तापवा

१० मिलिमीटरच्या पेलेटवर अडलेलं काम २५ मिलिमीटरवर पुष्कळदा आपोआप सुटतं, कारण घनफळाच्या मानानं कडेचा पृष्ठभाग घटतो आणि गळती कमी होते. डाय असेल तर पावडर बदलण्याआधी हे करून पाहा.

दुसरी चाचणी: तेच पेलेट (ओव्हनमध्ये नव्हे) आर्गॉनमध्ये ३०० अंशांपर्यंत तापवून मग पेटवा. लाट शेवटपर्यंत गेली तर प्रमाण बरोबर आहे, अडचण उष्णता सुटण्याच्या वेगाची आहे आणि आता कणांच्या आकाराकडे वळायला हरकत नाही. तरीही विझली तर वजनं पुन्हा तपासा. जुनं, ऑक्सिडाइझ झालेलं अ‍ॅल्युमिनियम हे त्यातलं नेहमीचं कारण.

आता कणांचा आकार

इथे थोडं थांबून प्रक्रिया समजून घ्यावी लागते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. बाकी दोघं घनच असतात. पुढची सगळी क्रिया हे वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम शेजारच्या कणांमधल्या फटींत किती लवकर शिरतं यावर ठरते. ते टायटॅनियम डायऑक्साइडचा ऑक्सिजन ओढून घेतं, सुटलेलं टायटॅनियम कार्बनशी जोडलं जातं. शिवाय कमी तापमानाला वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडला किंवा ग्रॅफाइटला नीट भिजवतही नाही. तापमान बरंच चढल्यावरच ते पसरतं.

अ‍ॅल्युमिनियमचा प्रत्येक कण आपल्याभोवतीच्या ठरावीक कवचातल्या मालाशी क्रिया करणार. ५५ टक्के घनतेच्या पेलेटमध्ये त्या कवचाची जाडी कणाच्या व्यासाच्या सुमारे ०.३६ पट येते. म्हणजे ३० मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनियमला साधारण ११ मायक्रॉन अंतर कापायचं, १५० मायक्रॉनच्या कणाला ५४. अंतर पाचपट. विसरणानं लागणारा वेळ अंतराच्या वर्गानं वाढतो, म्हणजे पंचवीसपट. लाटेला तेवढी सवड नसते.

आता दुसरी बाजू. फटींची रुंदी टायटॅनियम डायऑक्साइड आणि कार्बनच्या कणांवर ठरते. कण फार बारीक असतील तर फटी अरुंद होतात आणि द्रव त्यांत सावकाश शिरतो, काळ्या चिकण मातीत पाणी सावकाश जिरावं तसा. म्हणून सर्वात वाईट जोडी ही: भरड अ‍ॅल्युमिनियम आणि अति बारीक टायटॅनियम डायऑक्साइड. लांबचं अंतर, अरुंद वाट. नेमकी हीच जोडी सर्रास दिसते, कारण रंगाच्या ग्रेडचं डायऑक्साइड सहज मिळतं आणि अ‍ॅल्युमिनियम "उणे १००" मेशचं स्वस्त असतं. अशा वेळी टायटॅनियम डायऑक्साइड आणखी बारीक करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

एका वेळी एकच पावडर बदला, आणि हा क्रम ठेवा.

पहिलं अ‍ॅल्युमिनियम. २० ते ४५ मायक्रॉनच्या दरम्यान आणा. चाळणीच्या दोन जाळ्यांमधला माल घेतला तरी चालतो. चाळणीला अर्थिंग हवं, एका वेळी १० ते २० ग्रॅमच. याचा आणखी एक फायदा: अ‍ॅल्युमिनियमचा कण वितळून निघून गेला की त्याच्या जागी त्याच्याच आकाराचं भोक उरतं. तयार तुकड्यात १०० मायक्रॉनची भोकं दिसत असतील तर ती भरड अ‍ॅल्युमिनियमची सही आहे.

दुसरा कार्बन. तो वितळत नाही, त्यामुळे मोठ्या कणाभोवती टायटॅनियम कार्बाइडची साल धरते आणि आत ग्रॅफाइटचं बी तसंच राहतं. पॉलिश केलेल्या तुकड्यावर साध्या मेटलर्जिकल मायक्रोस्कोपखालीही काळं बी आणि भोवतीचं चकचकीत वलय दिसतं. १० मायक्रॉनखालचं ग्रॅफाइट घ्या. कार्बन ब्लॅक आणखी बारीक, पण वाफाळ पदार्थ आणि ओलावा सोबत घेऊन येतो; वापरलात तर वाळवणं सोडून चालणार नाही.

टायटॅनियम डायऑक्साइड शेवटी. आवरण नसलेलं, ०.५ ते ५ मायक्रॉनचं पुरतं.

अ‍ॅल्युमिनियम १० मायक्रॉनच्या बरंच खाली नेण्याचा मोह टाळा. प्रत्येक कणावर साधारण ३ नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर असतो. १० मायक्रॉनच्या कणात तो आकारमानाच्या ०.२ टक्क्यांहूनही कमी. १०० नॅनोमीटरच्या कणात तोच थर सुमारे १७ टक्के. म्हणजे २८.१ ग्रॅम तोललंत तरी कामाचं अ‍ॅल्युमिनियम २३ ग्रॅमच्या आसपास, आणि उरलेला ऑक्साइड फुकट तापवावा लागणार. अर्धवट क्षपण झालेलं टायटॅनियम ऑक्साइड आणि मोकळा कार्बन त्यातून उरतो. नॅनो पावडर वापरायचीच असेल तर सक्रिय अ‍ॅल्युमिनियमची टक्केवारी मागा आणि वजन त्यानुसार वाढवा.

लाट उलट फार वेगात जाऊन पेलेट उडत असेल, आणि ओलावा नाही याची खात्री असेल, तर मिश्रणात ५ ते १० टक्के तयार अ‍ॅल्युमिना घाला. ती उष्णता पिते आणि लाट शांत होते.

एक्सआरडी वाचताना

तांब्याच्या क्ष-किरणांवर कोरंडमचं (म्हणजे तयार झालेल्या अ‍ॅल्युमिनाचं) एक शिखर २५.६ अंशांवर येतं आणि अ‍ॅनाटेसचं (टायटॅनियम डायऑक्साइडच्या दुसऱ्या स्फटिकरूपाचं) सर्वात मोठं २५.३ वर. हे पाहून "डायऑक्साइड उरलं" असा निष्कर्ष काढू नका. जळलेल्या भागातलं अ‍ॅनाटेस बहुधा रूटाइल झालेलं असतं, त्यामुळे २७.४ पाहा. ग्रॅफाइट २६.५ वर, अ‍ॅल्युमिनियम ३८.५ वर, टायटॅनियम कार्बाइडचं मोठं शिखर ४१.७ वर. कार्बाइडच्या स्फटिकजाळीचं माप ४.३२७ अँगस्ट्रॉमपेक्षा ठळकपणे कमी आलं तर कार्बाइडला कार्बन कमी पडला आहे किंवा त्यात ऑक्सिजन शिरला आहे. नमुना पेलेटच्या वरून, मधून आणि खालून असा तीन ठिकाणचा वेगवेगळा घ्या. सगळं एकत्र कुटून दिलेल्या नमुन्यात लाट कुठे कमी पडली ते कधीच कळत नाही.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी स्वतः करू नयेत, मग घाई कितीही असो.

अ‍ॅल्युमिनियमसह संपूर्ण मिश्रण उच्च-ऊर्जा बॉल मिलमध्ये दळणं. क्रिया जारच्या आतच पेटू शकते, आणि दळून निघालेले ताजे पृष्ठभाग जार उघडताच हवेत भडकू शकतात. आर्गॉन, दाबमापक असलेला जार आणि ते रोज हाताळणारा माणूस हवाच.

१० मायक्रॉनखालचं अ‍ॅल्युमिनियम चाळणं, ओतणं किंवा उघड्यावर साठवणं. त्याची हवेत उडालेली धूळ स्थिर विजेच्या ठिणगीनंही स्फोट पावू शकते.

५० ग्रॅमपेक्षा मोठी बॅच, किंवा झडप नसलेलं बंद भांडं.

ओलावा, बाईंडर आणि घनता तपासूनही पेलेट पुन्हा उडालं, तर तिसऱ्यांदा पेटवू नका.

जवळ कोरडी वाळू किंवा धातूंच्या आगीसाठीचं डी वर्गाचं अग्निशामक असेल तरच काम सुरू करा. पाणी चालत नाही, आणि कार्बन डायऑक्साइडचं नळकांडंही नाही. जळतं अ‍ॅल्युमिनियम त्यातलाही ऑक्सिजन ओढतं.

कणांच्या आकाराचं लेसर मापन, एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) आणि एक्सआरडी यांसाठी मुंबईत आयआयटीचं सैफ (विश्लेषण उपकरणांचं केंद्र), पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांसारख्या ठिकाणी विचारा. पाठवताना तिन्ही पावडरी वेगवेगळ्या बाटल्यांत, प्रत्येकी २ ते ३ ग्रॅम, लॉट नंबरसह. जळलेल्या पेलेटचे तुकडे वरचा, मधला, खालचा असं लिहून. न जळलेलं मिश्रण किंवा अर्धवट जळलेल्या पेलेटचा कच्चा भाग कुरियरनं पाठवू नका, त्यांच्या लोकांना आधी फोनवर सांगा आणि ते म्हणतील तसं करा.